आतला शेक

"पिशवी काढून टाका की एकदाची! आत नळ्या घालून शेकत काय बसायचं?"

सोलापूर रस्त्यावरच्या एका धर्मादाय रुग्णालयात, रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसून एका नणंदेनं हा प्रश्न विचारला. भावजय शेजारीच होती. परांडा तालुक्यातली, पन्नाशीला टेकलेली, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल आणि केशरी रेशनकार्ड. रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, पहाटे एनिमा झालेला. ती काही बोलली नाही. सिस्टरनं मात्र हातातली फाईल मिटली आणि म्हणाली, "ताई, पिशवी काढली तर औषध ठेवायचं कुठं?"

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढं या विषयावर बरंच वाचलं, डॉक्टरांशी बोलले. पण त्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला कुणी दिलं नाही.

आपल्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. मुलं झाली की ती रिकामी, आणि रिकामी पिशवी घरात कशाला ठेवायची, असा हिशेब. अंगावरून पांढरं जातंय, पिशवी काढा. कंबर दुखते, पिशवी काढा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण गाजलं, तेव्हा सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागं मुकादमाचा दंड होता, बुडणारी मजुरी होती, आणि 'ठेवलीत तर कॅन्सर होईल' ही भीतीही होती. याच भीतीची दुसरी बाजू रेडिएशनच्या ओपीडीत दिसते. कॅन्सर आहे की नाही हे न पाहताच पिशवी काढलेली असते. काढल्यावर तुकडा तपासायला जातो (गेला तर), आणि मग कळतं की पिशवीच्या तोंडाशी गाठ होती, ती अर्धवट कापली गेली, उरलेली आत राहिली. अशा बाईला आतून किरणं देताना डॉक्टरांचे हात बांधलेले असतात. ज्या पोकळीत नळी बसायची ती पोकळीच नाहीशी झालेली असते.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर अगदी सुरुवातीला, म्हणजे मुखापुरताच आणि लहान असताना सापडला, तर शस्त्रक्रिया होते आणि चांगली होते. पण तो बाजूच्या ऊतींत उतरला की दुसऱ्या स्टेजचा 'बी' भाग सुरू होतो. ओटीपोटाच्या भिंतीला टेकला किंवा मूत्रवाहिनी दाबून किडनी फुगवली की तिसरी. मूत्राशयात किंवा गुदाशयात शिरला की चौथी. तिथं सुरी चालवायची तर गाठीच्या कडेनं निरोगी जागा सापडत नाही. म्हणून किरणं. आधी बाहेरून, सोमवार ते शुक्रवार, रोज काही मिनिटं, असे पाच आठवडे. जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन. आणि नंतर आतून. या आतल्या उपचाराला डॉक्टर ब्रॅकिथेरपी म्हणतात. ग्रीकमध्ये 'ब्रॅकिस' म्हणजे आखूड. आखूड अंतरावरून दिलेला उपचार. बायका म्हणतात आतला शेक. मला बायकांचा शब्द जास्त पटतो, कारण त्यात चूल आहे.

चुलीपुढं बसलेल्या बाईचा चेहरा भाजतो आणि दाराशी उभ्या असलेल्या पोराला नुसता उजेड दिसतो. अंतर दुप्पट झालं की धग चौथाईवर येते. बाहेरच्या यंत्रातून किरणं सोडली तर ती वाटेतल्या आतड्यातून, मूत्राशयातून, मांडीच्या हाडातून जातात. त्यामुळे साधारण ४५ ते ५० ग्रेपर्यंत (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप) देऊन थांबावं लागतं. तेवढ्यानं मोठी गाठ आक्रसते, मरत मात्र नाही. ती मरायला साधारण ८५ ग्रेच्या पुढं जावं लागतं. तेवढी धग बाहेरून दिली तर गाठीआधी आतडं जळेल. मग चूलच गाठीच्या पोटात नेऊन ठेवायची. गाठीला पूर्ण धग आणि दोन-तीन सेंटिमीटरवरच्या मूत्राशयाला झेपेल एवढीच. निसर्गानं त्यासाठी जागाही करून ठेवली आहे: योनीमार्ग, गर्भाशयाचं तोंड आणि वरची पोकळी. शरीरातल्या फार थोड्या अवयवांच्या ऐन मध्यात एवढ्या सहज शिरता येतं.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. मारी आणि पिएर क्युरींनी रेडियम शोधलं ते १८९८ साली, आणि न्यूयॉर्कच्या मार्गारेट क्लीव्ह्ज या डॉक्टरबाईंनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर ते वापरलं १९०३ मध्ये. पुढं स्टॉकहोम, पॅरिस आणि मँचेस्टर अशी तीन घराणी तयार झाली. गाण्यातल्या घराण्यांसारखीच, राग तोच पण लय वेगळी. कुणी थोडं रेडियम सलग पाच-सहा दिवस ठेवायचं, कुणी जास्त रेडियम थोडा वेळ. १९३८ साली मँचेस्टरच्या मार्गारेट टॉड आणि डब्ल्यू. जे. मेरेडिथ यांनी मोजमापाला एक ठिकाण ठरवून दिलं: मुखापासून दोन सेंटिमीटर वर आणि तिथून दोन सेंटिमीटर बाजूला. त्याला 'पॉइंट ए' म्हणतात. एमआरआयच्या जमान्यातही आपल्याकडच्या कितीतरी रुग्णालयांत एक्स-रे फिल्मवर हाच बिंदू शोधून डोस ठरतो.

इथं हेन्रिएटा लॅक्सची आठवण येणं अटळ आहे. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात या कृष्णवर्णीय तरुण आईच्या गर्भाशयमुखाशी रेडियमच्या नळ्या टाके घालून बसवल्या गेल्या. बसवण्याआधी गाठीचा छोटा तुकडा काढून घेतला, तिला न विचारता. त्यातल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. पुढं त्याच पेशींत एचपीव्ही या विषाणूचा १८ नंबरचा प्रकार सापडला. या कॅन्सरमागं तो विषाणू असतो हे सिद्ध होण्यात त्याचा वाटा होता. बाई मात्र १९५१ च्याच ऑक्टोबरमध्ये गेली. या उपचाराच्या इतिहासात बाईच्या शरीराला न विचारण्याची सवय अशी पहिल्यापासून मुरलेली आहे. ती कुठवर आली आहे ते पुढं सांगते.

रेडियमचे तोटे पुष्कळ. निम्मं व्हायला त्याला १६०० वर्षं लागतात, नळी फुटली तर किरणोत्सारी रेडॉन वायू सुटतो, आणि ते हातानं बसवणाऱ्या डॉक्टर-नर्सच्या बोटांनाही किरणं लागत. १९६० च्या सुमाराला उलरिश हेन्श्के यांनी न्यूयॉर्कमध्ये मांडलेली सोपी कल्पना अशी: आधी रिकाम्या नळ्या बसवा, निवांत तपासा, आणि औषध मागाहून सोडा. रेडियमच्या जागी सिझियम आलं, मग इरिडियम. आज बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ असतं.

ते मी पाहिलं नाही. ते पाहायचं नसतंच. फिजिसिस्टनं सांगितलं तेवढं: बारीक तारेच्या टोकाला वेल्डिंग केलेला साडेतीन-चार मिलिमीटर लांबीचा तुकडा. तांदळाच्या कणीएवढा. यंत्राच्या पोटात जाड कवचाच्या तिजोरीत तो पडून असतो. त्याचं अर्धं आयुष्य ७४ दिवसांचं, म्हणून तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. याचा एक गमतीशीर परिणाम होतो, 'गमतीशीर' हा शब्द बाकड्यावरच्या बाईपुढं वापरवत नसला तरी. नवा सोर्स, म्हणजे नवा तुकडा, आल्याच्या आठवड्यात ज्या बाईला सात-आठ मिनिटं लागतात, तेवढ्याच डोससाठी अडीच महिन्यांनी आलेलीला पंधरा मिनिटं पडून राहावं लागतं. काही लहान रुग्णालयं म्हणून कोबाल्टचा सोर्स घेतात. तो निम्मा व्हायला पाच वर्षांवर काळ जातो, सारखी खरेदी नको.

परांड्याच्या मावशींना दहा वाजता आत घेतलं. त्यांनी मला थांबायला सांगितलं, "तू हितंच ऱ्हा, बाय," म्हणून मी राहिले.

बाळंतपणाच्या टेबलासारखं टेबल, पाय वर बांधलेले. कमरेतून इंजेक्शन दिलेलं. आधी लघवीची नळी, तिच्या फुग्यात सात मिलिलिटर औषधी पाणी, फिल्मवर मूत्राशय कुठं आहे ते दिसावं म्हणून. मग पातळ सळई आत सरकवून पोकळी किती खोल आहे ते मोजलं. डॉक्टर मॅडमनी "सहा" म्हटलं, सिस्टरनं लिहिलं. मोजल्याप्रमाणे किंचित वाकवलेली स्टीलची नळी, टँडेम, गर्भाशयात गेली. तिच्या दोन्ही बाजूंना मुखाला टेकून दोन अंडाकृती तुकडे, ओव्हॉइड. आणि मग ज्या कामात मॅडमची पंचवीस मिनिटं गेली ते: गॉजची लांबच लांब पट्टी चिमट्यानं इंच इंच आत भरणं. पुढं मूत्राशय, मागं गुदाशय. दोघांनाही जमेल तितकं दूर ढकलायचं. पाऊण सेंटिमीटर जास्त सरकलं तरी तेवढ्यानं पुढच्या वर्षी संडासवाटे रक्त जाणं टळू शकतं. कम्प्युटर नंतर कितीही सुंदर नकाशा काढो, हे पॅकिंग ढिलं तर सगळं ढिलं. "हे पुस्तकात अर्ध्या पानात आहे," मॅडम म्हणाल्या, "हाताला यायला दोन वर्षं लागतात."

त्यानंतर फोटो, प्लॅनिंग. तासभर हलायचं नाही. शेवटी जाड भिंतींच्या खोलीत नळ्यांना यंत्राच्या वायरी जोडल्या, सगळे बाहेर आले, दार लागलं. दार उघडं असलं तर यंत्र चालतच नाही. आधी खोटी तार जाऊन आली, वाट मोकळी आहे ना बघायला. मग कणी निघाली. पडद्यावर नळीतले ठिपके एकेक करून उजळत होते. प्रत्येक ठिपक्यावर काही सेकंद मुक्काम. कॅमेऱ्यात मावशींचे फक्त पाय आणि छतावरचा पंखा दिसत होता. त्यांना काही जाणवत नव्हतं. शेक म्हणतात पण तो गरम लागत नाही.

मावशींना कमरेतलं इंजेक्शन मिळालं हे मुद्दाम लिहिलं, कारण ते सगळ्यांना मिळत नाही. भूलतज्ज्ञ नाही, टेबल एक आणि रांगेत आठ बायका, म्हणून अनेक ठिकाणी एक वेदनाशामक टोचून काम उरकलं जातं. मला भेटलेल्या एका बाईनं दुसऱ्या एका रुग्णालयातला अनुभव सांगितला. "बाळंतपणात वरडले नव्हते, तितं वरडले. तर तितली बाई म्हणली, नवऱ्यापाशी वरडत हुतीस का?" ही बाई दुसऱ्या वेळेला गेली नाही. चार शेकांतला एकच घेतला. फाईलवर शेरा पडला: पेशंट आला नाही. कागदावर दोष तिचा. मला विचाराल तर ब्रॅकिथेरपीचं नवं यंत्र घेण्याआधी त्या खोलीसाठी आठवड्यातून दोन दिवस भूलतज्ज्ञ आणि एक जाड पडदा घ्यावा. यंत्राचं उद्घाटन होतं, पडद्याचं होत नाही, हा भाग वेगळा.

न येण्याचं दुसरं कारण मात्र वेदनेचं नाही, उलट बरं वाटण्याचं आहे. हे आमच्या घरात घडलेलं. माझ्या आजीची धाकटी बहीण, आक्का. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिला अंगावरून जायला लागलं. पाळी बंद होऊन सहा वर्षं झालेली. जिल्ह्याच्या गावी बाहेरचे शेक सुरू झाले आणि तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबलं. घाण वास गेला. आक्का जेवायला लागली, अंगणात सडा घालायला लागली. पाच आठवडे संपल्यावर "आता आतला शेक राहिलाय, मुंबईला जावं लागेल" असं सांगितलं, तेव्हा घरात सुगीची घाई होती. ज्वारी काढून मग जाऊ. नंतर धाकट्याचं लग्न ठरलं. आणि मुख्य म्हणजे, बरी तर झालीय! दीड वर्षानं ती किडन्या बंद पडून गेली. कुणी हयगय केली असं मला आजही म्हणवत नाही. बाहेरचा शेक म्हणजे निम्मा उपचार, आणि निम्म्यातच बरं वाटतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही उपचार मिळून आठ आठवड्यांत संपायला हवेत, ५६ दिवस. त्यापुढं जाणाऱ्या प्रत्येक दिवसागणिक गाठ ताब्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्यानं घटते, असा ढोबळ हिशेब. आणि आतला शेक पूर्ण गाळला तर? याचं उत्तर अमेरिकेतून मिळतं, जिथं सुगी आणि एसटी ही कारणं नव्हती. बाहेरच्या किरणांची यंत्रं तिथं इतकी तल्लख झाली की आतली कटकट कशाला, असं डॉक्टरांनाच वाटू लागलं. १९८८ मध्ये ८३ टक्के रुग्णांना ब्रॅकिथेरपी मिळत होती, २००९ मध्ये ५८ टक्क्यांना. चार वर्षांनी मिळालेल्यांपैकी ५८ टक्के जिवंत होत्या, न मिळालेल्यांपैकी ४६. महागडं यंत्र साध्या वाकड्या नळीपुढं हरलं.

आपल्या बाजूनं पाहायचं तर परळच्या टाटा रुग्णालयानं या आजारावर जगाला दिलेला पुरावा मोठा आहे, आणि तो मराठी वाचकाला फारसा ठाऊक नसतो. तिसऱ्या 'बी' स्टेजच्या ८५० बायकांवर १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षं चाललेली चाचणी: निम्म्यांना नुसती किरणं, निम्म्यांना जोडीला सिस्प्लॅटिन. आतला शेक दोन्ही गटांना. पाच वर्षांनी जिवंत राहिलेल्या ४६ टक्के आणि ५४ टक्के. जगातल्या बहुतेक चाचण्या आधीच्या स्टेजच्या बायका घेऊन झाल्या होत्या. आपल्याकडे येणारी बाई तिसऱ्या स्टेजला येते, तर प्रश्न तिलाच विचारू, असं कुणीतरी ठरवलं याचं मला अप्रूप वाटतं. तिथल्याच दुसऱ्या एका चाचणीत, थोड्या आधीच्या स्टेजच्या ६३३ बायकांत, आधी केमो देऊन मग पिशवी काढणं विरुद्ध किरणं आणि केमो अशी तुलना झाली. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिल्या ६९ टक्के आणि ७७ टक्के. पिशवी काढणं मागं पडलं. बाकड्यावरच्या नणंदेला हे आकडे सांगून उपयोग नव्हता, पण सिस्टरचं वाक्य हवेतलं नव्हतं हे त्यातून कळतं.

आता आत नळी असतानाच एमआरआय काढून गाठीच्या आकाराप्रमाणे डोस बेतता येतो; गाठ एका बाजूला झुकली असेल तर ओव्हॉइडमधून बारीक सुया घालून तिथंही कणी पोचवतात. असे उपचार करणाऱ्या निरनिराळ्या देशांतल्या रुग्णालयांनी, त्यांत टाटाही होतं, १३०० हून जास्त बायकांची नोंद ठेवली. पाच वर्षांनी ९२ टक्के जणींच्या मूळ जागी गाठ परतली नव्हती. पण जिथं एमआरआयची तारीखच दीड महिन्यानंतरची मिळते, तिथं पॉइंट ए आणि नीट भरलेलं पॅकिंग यावरच काम चालतं, आणि ते काम हलकं नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो. न बसणाऱ्या गोष्टी वेगळ्या: सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, मुंबईत राहायची सोय. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती नसती, तर किती फाईलींवर 'पेशंट आला नाही' पडलं असतं कोण जाणे. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा उल्लेख मला चार जणींनी न विचारता केला.

शेक संपल्यावरचं तर कुणीच बोलत नाही. किरणांनी योनीमार्गाच्या भिंती कोरड्या होतात, एकमेकींना चिकटतात, मार्ग आखडतो. पुढच्या तपासणीला डॉक्टरचं बोटही शिरत नाही, संबंध तर दूरच. उपाय साधा: गुळगुळीत कांडीसारखं डायलेटर, वंगण लावून आठवड्यातून दोन-तीनदा काही मिनिटं. बऱ्याच बायकांना हे सांगितलंच जात नाही. "या वयात कशाला" असं सांगणाऱ्यांनी स्वतःच ठरवलेलं असतं. चाळिशीतल्या एका बाईनं मला विचारलं, नवऱ्याला माझ्यापासून कॅन्सर लागेल का? अंगातली किरणं त्याला बाधतील का? दोन्हीचं उत्तर नाही. कणी तिजोरीत परत गेली की अंगात काही उरत नाही. हा प्रश्न तिनं अकरा महिने कुणाला विचारला नव्हता, आणि अकरा महिने ती स्वयंपाकघरात वेगळी निजत होती.

हे सगळं टळू शकतं हे सांगणारा पुरावाही याच मातीतला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयानं १९८७ मध्ये बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत जाऊन कॅन्सरची नोंद सुरू केली. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. त्याच रुग्णालयानं, टाटा आणि फ्रान्समधल्या ल्योंच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर, १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं पुढं गेलेले कॅन्सर आणि त्यानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे २००९ मध्ये जगानं वाचलं आणि आपापल्या धोरणात घेतलं. परांड्याच्या मावशी त्याच जिल्ह्यातल्या. त्यांची कधी तपासणी झाली होती का, म्हणून विचारलं. "कशाची?" त्या म्हणाल्या. देशात दरवर्षी सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर नव्यानं सापडतो.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पडद्यावरचा शेवटचा ठिपका विझला. बाहेरचा लाल दिवा हिरवा झाला. फिजिसिस्ट हातात मोजणीचं यंत्र घेऊन आधी एकटा आत गेला, कणी खरंच परत गेलीय ना बघायला, मग सिस्टर. मी दाराशी. ओव्हॉइड निघाले, टँडेम निघाली, आणि पट्टी. ती निघतच राहिली. सिस्टर एका हातानं ओढत होती आणि दुसऱ्या हातानं ट्रेमध्ये घड्या घालत होती. मावशींनी मान उचलून पाहिलं.

"अगं बया! एवढं? पातळाचा काठच की."

"अजून तीनदा, मावशी," सिस्टर म्हणाली. "पुढच्या बुधवारी. उपाशी यायचं."

"येते," मावशी म्हणाल्या. मग नणंदेला हाक मारून विचारलं, साडेतीनची परांडा गाडी अजून हाय न्हवं?